उभ्या पाइपातली स्ट्रॉबेरी

स्ट्रॉबेरीचं रोप वीतभर उंच होतं आणि त्याची बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरतात. त्याला खोल कुंडी लागत नाही, काठीचा आधार लागत नाही, मांडव तर नाहीच. त्यामुळे जागेची टंचाई असलेल्या शहरी घरात उभ्या कुंडीत घेण्यासारखं हे पीक आहे. दोन चौरस फूट जागा, सहा इंची पाइपाचा चार फुटी तुकडा आणि पंधरा रोपं एवढ्यावर सुरुवात होते. उभ्या कुंडीचा आणखी एक फायदा म्हणजे फळ हवेत लोंबतं. शेतात वाफ्यावर प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरतात, त्याचं एक कारण हेच की ओल्या मातीला टेकलेलं फळ हमखास सडतं. पाइपात तो प्रश्नच उरत नाही.

मोबाइलवर तळापासून शेंड्यापर्यंत फळांनी लगडलेले मनोरे दिसतात आणि आपल्यालाही तसंच करावंसं वाटतं. करायला हरकत नाही. पण घरच्या मनोऱ्यांतले बरेचसे डिसेंबरातच माना टाकतात आणि त्याला कारणं दोनच असतात. एक तर रोपं चुकीच्या महिन्यात लावलेली असतात, नाहीतर पाणी सगळ्या रोपांपर्यंत पोचत नाही. पाइप पांढरा की करडा, गोल की चौकोनी, लोखंडी स्टँड की लाकडी, ही सगळी नंतरची चर्चा.

आधी महिना

महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर आहे, पाचगणी त्याच्या थोडं खाली. थंडी, निचऱ्याची तांबडी माती आणि स्वच्छ ऊन यांच्या जोरावर तिथल्या स्ट्रॉबेरीनं नाव कमावलं आणि २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. भिलार आज पुस्तकांचं गाव म्हणून लोकांना माहीत आहे, पण पुस्तकं यायच्या कितीतरी आधीपासून ते स्ट्रॉबेरीचं गाव आहे. या शेतकऱ्यांचं वेळापत्रक आपल्याला फार उपयोगाचं आहे. परदेशातून आणलेली मातृरोपं पावसाळ्याच्या तोंडाला वाईच्या बाजूला लावतात, कारण महाबळेश्वरच्या धो धो पावसात ती टिकायची नाहीत. या मातृरोपांना वेलीसारखे तंतू फुटतात, त्यांना शेतकरी रनर म्हणतात. प्रत्येक रनरच्या डोळ्याखाली मातीची छोटी पिशवी ठेवून त्यात नवं रोप रुजवतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ही रोपं वर घाटमाथ्यावर जातात. नोव्हेंबरच्या अखेरीला फळ सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं.

आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या बहुतेक जातींना फुलावर यायला लहान दिवस आणि गार रात्री लागतात. गच्चीवर कितीही खत घाला, हे दोन्ही नसतील तर पानंच पानं. म्हणून पठारावरच्या माणसानं स्ट्रॉबेरी एका हंगामाचं पीक मानावी, ऑक्टोबरात लावून एप्रिलात काढून टाकावी. जगाच्या पाठीवर इतरत्र हे झाड दोन-तीन वर्षं ठेवतात, हे खरं. पण पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात आणि नंतरच्या पावसात ते जगवण्यात जितका जीव जातो, तितक्यात नवी रोपं आणून मोकळं होता येतं.

गावागावांत फरक आहे. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर इथे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावलेलं रोप चांगलं साथ देतं. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, कळवण भागातले शेतकरी तर आता स्ट्रॉबेरी शेतात घेतात. नागपूर, अमरावतीकडे थंडी कडक पडते पण उन्हाळाही लवकर येतो, तिथे फेब्रुवारी संपताना हंगाम आटोपला असं धरून चाला. मुंबई, कोकण आणि गोव्यात रात्री पुरेशा गार होत नाहीत. तिथे चार-दोन फळं येतील, मुलांना गंमत वाटेल, पण वाटी भरण्याची अपेक्षा ठेवू नका.

रोप कुठून, कोणतं

बियाण्यांच्या पाकिटांपासून लांब राहा. स्ट्रॉबेरीचं बी उगवायला वेळ घेतं, रोप फळावर यायला आणखी कित्येक महिने जातात आणि येणारं फळ मूळ जातीसारखं असेल याची खात्री नसते. ऑनलाइन विकायला असलेल्या निळ्या आणि काळ्या स्ट्रॉबेरीच्या बिया तर शुद्ध फसवणूक आहे. निळी स्ट्रॉबेरी फोटोत रंग बदलून तयार होते, झाडावर येत नाही.

वाई, पाचगणी, महाबळेश्वर परिसरातल्या रोपवाटिकांत सप्टेंबरपासून पिशवीतली रोपं मिळतात. पुण्या-नाशकातल्या नर्सरीवालेही तिथूनच आणतात, फक्त शहरात येईपर्यंत किंमत चढते. जातींची नावं विचारलीत तर स्वीट चार्ली, विंटर डाऊन, कामारोसा, नाभिला अशी ऐकू येतील. स्वीट चार्ली आणि विंटर डाऊन फ्लोरिडा विद्यापीठाच्या, कामारोसा कॅलिफोर्निया विद्यापीठाची. घरासाठी माझी पसंती स्वीट चार्लीला. ती लवकर येते आणि गोड असते. फळ मऊ असल्यानं लांबच्या वाहतुकीला ती कच्ची ठरते, पण आपली वाहतूक गच्चीपासून स्वयंपाकघरापर्यंतच असते. कामारोसाचं फळ मोठं आणि टणक, मात्र ते जरा उशिरा येतं आणि पठारावर उशीर परवडत नाही.

रोप निवडताना पानांपेक्षा मधला जाड गड्डा पाहा, ज्याला सगळे क्राऊन म्हणतात. तो करंगळीएवढा तरी जाड आणि टणक असावा. पिशवीच्या तळातून पांढरट मुळं डोकावत असतील तर उत्तम. काळी, मऊ मुळं असलेलं रोप फुकट दिलं तरी घेऊ नका. त्याची बुरशी तुमच्या पाइपभर पसरते.

पाइप तयार करणं

हार्डवेअरच्या दुकानात ‘ड्रेनेजचा सहा इंची पाइप’ मागा. मापात तो १६० मिलिमीटर असतो. चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरचा पाइप स्वस्त पडतो आणि बरेच जण तोच घेतात, पण मातीनं भरायच्या मनोऱ्याला तो अपुरा आहे. त्यात माध्यम कमी मावतं, दुपारपर्यंत तापतं आणि एक दिवस पाणी चुकलं की खेळ संपला. इमारतीचं प्लंबिंग चालू असेल तिथे सहा इंचीचे उरलेले तुकडे मिळतात. नवे असतील तरच घ्या. सांडपाण्याचा जुना पाइप धुऊन वापरण्याचा मोह नको, शेवटी त्यातून येणारं फळ आपण न शिजवता खाणार आहोत.

सव्वाशे सेंटिमीटरचा, म्हणजे चार फुटांपेक्षा थोडा जास्त लांबीचा तुकडा सोयीचा. त्याहून उंच मनोरा दिसायला रुबाबदार असतो, पण त्याच्या टोकाला पाणी घालायला स्टूल लागतं आणि वाऱ्याला तो डुलतो. वरून वीतभर आणि खालून वीसेक सेंटिमीटर सोडून मधल्या भागात साधारण बावीस सेंटिमीटर अंतरानं चार वेढे आखा. प्रत्येक वेढ्यावर तीन खाचा. वरच्या वेढ्यातली खाच खालच्या दोन खाचांच्या मधोमध यावी, म्हणजे वरच्या रोपाची पानं खालच्याच्या डोक्यावर पडत नाहीत. पाइपाचा घेर पन्नास सेंटिमीटर असतो. खाच नऊ सेंटिमीटरची धरली तर तीन खाचांत सत्तावीस जातात, उरलेल्या तेविसांवर पाइप भक्कम उभा राहतो. एका वेढ्यात चार खाचा पाडल्या की तो कमकुवत होतो. भिंतीला टेकवून उभा करणार असाल तर भिंतीकडच्या बाजूला खाचा पाडूच नका, तिथे ऊन जाणार नाही.

खाच म्हणजे भोक नव्हे, ओठ हवा. हॅकसॉनं आडवा काप घ्या. मग प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियनकडे असते ती गरम हवेची गन कापाच्या खालच्या बाजूवर, हात हलता ठेवून, फिरवा. मिनिटभरात प्लास्टिक चामड्यासारखं लवचीक होतं. काचेची बाटली तिरकी करून कापात दाबा, खालची कड बाहेर येते आणि वरची आत जाते. बाटली तशीच धरून ओलं फडकं फिरवलं की तो आकार कायम राहतो. पहिल्या दोन खाचा वेड्यावाकड्या होतात, त्यासाठी टाकाऊ तुकड्यावर हात बसवून घ्या. हे काम उघड्यावर करा. गॅसच्या शेगडीवर किंवा मेणबत्तीवर पाइप धरायचा नाही. पीव्हीसी जळलं की निघणारा धूर विषारी असतो.

उभं राहण्यासाठी जुनी वीस लिटरची बादली किंवा तेलाचा डबा घ्या, तळाला निचऱ्याची भोकं पाडा, मधोमध पाइप धरून भोवती विटांचे तुकडे आणि जाड वाळू ठासा. त्याशिवाय वरचा भाग नायलॉनच्या दोरीनं कठड्याला बांधा. सहाव्या मजल्यावरचा वारा हा खेळ नाही.

पाइप करडा असेल तर बाहेरून पांढरा रंग द्या. पांढऱ्या पाइपातली मुळं फेब्रुवारीतही थोडी गार राहतात.

पाणी, म्हणजे मधली नळी

उभ्या कुंडीत वरून पाणी ओतलं की ते सोपी वाट धरतं. पाइपाच्या आतल्या कडेनं सरळ खाली उतरतं, नाहीतर पहिल्या खाचेतून बाहेर सांडतं. वरची रोपं तहानलेली, तळाची रोपं चिखलात आणि मधल्यांचं काय चाललंय ते कोणालाच ठाऊक नाही, अशी अवस्था होते. माध्यम एकदा कोरडं पडून पाइपाच्या भिंतीपासून सुटलं की नंतर कितीही पाणी घाला, ते त्या फटीतून खाली निघून जातं. कोकोपीट तर पूर्ण सुकलं की पाणी धरायलाच तयार होत नाही.

यावर इलाज पाऊण इंची पाइपाचा. मोठ्या पाइपापेक्षा हा तुकडा चार बोटं लांब घ्या, खालचं टोक टोपी लावून बंद करा. त्याला तीन मिलिमीटरची भोकं पाडायची, पण सारखी नाहीत. वरच्या अर्ध्या भागात दर चार सेंटिमीटरला एक, चहूबाजूंनी फिरवत. त्याखालच्या भागात दर आठ-दहा सेंटिमीटरला एक. आणि शेवटच्या वीतभरात एकही नाही. वरून झिरपलेलं पाणी आपसूक खाली येतंच, तळाला वेगळं द्यावं लागत नाही. सगळीकडे एकसारखी भोकं पाडलेल्या नळीतलं पाणी बहुतेक तळाच्या भोकांतूनच निघून जातं. नळीभोवती जुन्या सुती साडीची पट्टी एकेरी गुंडाळून दोऱ्यानं बांधा, म्हणजे भोकं बुजत नाहीत. माती भरण्याआधी नळी उभी धरून पाणी ओता आणि वरच्या भोकांतूनही धार येते का बघा. धार फक्त खालीच असेल तर खालची काही भोकं चिकटपट्टीनं बुजवा. ही पाच मिनिटांची परीक्षा पुढचे पाच महिने उपयोगी पडते.

आता माध्यम. बागेतली काळी माती नको. ती पाइपात घट्ट बसते, पाणी धरून ठेवते, शिवाय अल्कधर्मी असते आणि स्ट्रॉबेरीला सामू साडेपाच ते साडेसहा लागतो. काळ्या मातीत पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ती लोहाची कमतरता. पाइपात साधारण एकवीस लिटर माध्यम मावतं. त्यात निम्मं कोकोपीट, सहा लिटर गांडूळखत, चार-पाच लिटर परलाइट किंवा भाजलेलं भाताचं तूस आणि दोन मुठी निंबोळी पेंड असं मिश्रण करा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिळाली तर दोन चमचे. कोकोपीटची वीट फुलवल्यावर ते दोन-तीनदा धुऊन पिळून घ्यायला विसरू नका. नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि स्ट्रॉबेरीइतकी क्षारांना नाजूक पिकं थोडी. भिजल्यावर असा एक मनोरा, खालची बादली सोडून, वीस किलोच्या आसपास जातो, गच्चीच्या दृष्टीनं ही चिंता करण्यासारखी गोष्ट नाही.

भरताना आधी तळाला विटांचे तुकडे, मग मधली नळी उभी करून भोवती माध्यम. पहिल्या वेढ्याच्या खाचेपर्यंत भरलं की थांबा. रोप पिशवीतून काढा, मुळांचा गोळा ओल्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा आणि बाहेरून आत सरकवा. कागद कुजून जातो, तोवर माती खाचेतून सांडत नाही. मग पुढचा थर. क्राऊन मातीच्या पातळीवर राहिला पाहिजे. गाडला गेला तर सडतो, वर उघडा राहिला तर मुळं सुकतात. उभ्या कुंडीत पहिल्या आठवड्यात माध्यम दोन-तीन बोटं खाली बसतंच आणि कडेची रोपं उघडी पडतात. म्हणून आठ दिवसांनी प्रत्येक खाचेत बोट घालून, लागेल तिथे मूठभर भर घाला. हे बरेच जण करत नाहीत. तोंडाशी नळीभोवती आणखी तीन रोपं बसतात, अशी एकूण पंधरा. लागवड संध्याकाळी करा आणि पहिले पाच-सहा दिवस सावलीची जाळी धरा.

डिसेंबर-जानेवारीत एका मनोऱ्याला रोज दीड लिटरच्या आसपास पाणी पुरतं, फेब्रुवारीत दोन लिटर किंवा अधिक. हे आकडे वहीत लिहून ठेवण्यापेक्षा बोट वापरा. सर्वांत वरच्या खाचेत आणि सर्वांत खालच्या खाचेत, दोन्हीकडे बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. वर कोरडं आणि खाली ओलं असेल तर नळीत कमी आणि तोंडाशी थोडं जास्त घाला. पाणी सकाळी द्या. पानांवर रात्रभर ओल राहिली की बुरशीला आमंत्रण. बोअरचं पाणी जड असेल तर पानांच्या कडा करपतात. अशा वेळी नळाचं पाणी वापरा आणि दर पंधरा दिवसांनी खालून पाणी निथळेपर्यंत एकदा साधं पाणी भरपूर सोडून साठलेले क्षार धुऊन काढा. त्याआधी बादलीखाली ताट ठेवा. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या साड्यांवर तांबडं पाणी ठिबकलं तर सोसायटीच्या पुढच्या सभेत तुमची स्ट्रॉबेरी विषयपत्रिकेवर येईल.

ऊन, फूल आणि ब्रश

सहा तास ऊन हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची बाल्कनी या पिकाला सगळ्यांत चांगली, त्याखालोखाल पूर्वेची. मोकळ्या गच्चीवरही मनोऱ्याची उत्तरेकडची बाजू सावलीतच राहते. दर तीन-चार दिवसांनी मनोरा पाव फेरा फिरवा. एकटा फिरवता येत नसेल तर बादलीखाली चाकांची फळी लावा.

लावल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत आलेली फुलं खुडून टाका. जिवावर येतं, पण त्या वेळी रोपानं मुळं धरायला हवीत. रनरही दिसला की कापा. फळ येणाऱ्या रोपाला रनर पोसायला लावणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

त्यानंतरच्या फुलांकडे मात्र जवळून बघा. पाच पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळसर घुमट, घुमटाभोवती परागांचं कडं. त्या घुमटावर शेकडो बारीक स्त्रीकेसर दाटीनं उभे असतात. स्ट्रॉबेरीच्या अंगावर आपण जी बी पाहतो, त्यातली प्रत्येक बी अशा एकेका केसरापासून होते आणि परागीभवन झालेल्या बीभोवतीचाच गर फुगतो. काही केसरांना पराग मिळाला नाही, तर फळाचा तेवढा भाग चेपलेला राहतो आणि तिथल्या बिया बारीक, खेटून बसलेल्या दिसतात. नाक वाकडं असलेली, दुभंगलेली फळं यायला लागली की लोक खत वाढवतात. औषध खताचं नसतं. आठव्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नाहीत, एवढाच अर्थ. चित्रकलेचा मऊ ब्रश घ्या, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला फुलाच्या कडेच्या परागकड्यावरून मधल्या घुमटावर गोल गोल फिरवा आणि हेच दोन-तीन दिवस करा. तळमजल्यावर बाग असेल, शेजारी तुळस फुललेली असेल तर ब्रशची गरज पडणार नाही.

फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत महिनाभर लागतो, थंडी जास्त असेल तर थोडं अधिक.

खताचं फार अवडंबर नको. लागवडीनंतर दोन आठवड्यांनी आठवड्यातून एकदा १९:१९:१९ एक ग्रॅम प्रतिलिटर. कळ्या दिसू लागल्या की ते बंद करून एका आठवड्यात १३:०:४५ आणि दुसऱ्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट, त्याच प्रमाणात. कॅल्शियम नायट्रेट १९:१९:१९ मध्ये मिसळू नका, साका धरतो. कोवळ्या पानांची टोकं करपलेली दिसली तर ती कॅल्शियमची ओरड. रासायनिक नको असेल त्यांनी व्हर्मिवॉश दहापट पाण्यात द्यावं किंवा जीवामृत गाळून द्यावं. न गाळलेल्या जीवामृतानं नळीची भोकं बुजतात.

कीड म्हणाल तर जानेवारीअखेर हवा कोरडी झाली की लाल कोळी येतो. पानं वरून निस्तेज, ठिपकेदार दिसतात, उलटून पाहिलं की बारीक जाळी. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारणं हा पहिला उपाय आणि बऱ्याचदा तेवढा पुरतो. नाही पुरला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी. माव्यालाही हेच. राखाडी बुरशी धरलेलं फळ आणि जुनं पान दिसताक्षणी काढा. दाट झालेल्या झुपक्यातली खालची पानं अधूनमधून कापली तर वारा खेळता राहतो आणि बुरशीची निम्मी तक्रार मिटते.

बुलबुलाला मात्र औषध नाही. फळाला लाली आली की तुमच्याआधी त्याला कळतं, आणि खारही मागे नसते. लग्नामुंजीत खाऊ भरून देतात त्या जाळीच्या छोट्या पुरचुंड्या जपून ठेवा, फळ धरल्यावर घोसाला बांधा. फुलावर बांधू नका, परागीभवन अडेल.

इतर उभ्या सोयी

दोन लिटरच्या बाटल्या उलट्या टांगून केलेल्या माळा शाळेच्या प्रकल्पाला ठीक आहेत. एवढ्याशा माध्यमात पाणी टिकत नाही, फेब्रुवारीत दिवसातून तीनदा घालावं लागतं. दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमात पस्तीस-चाळीस रोपं बसतात आणि ओलही छान टिकते, पण भरलेला ड्रम दोनशे किलोच्या वर जातो. तो गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा, आणि रसायनांचा ड्रम असेल तर घेऊच नका. कापडी कप्प्यांची टांगती पिशवी उन्हात एका हंगामात विरते.

नवख्या माणसाला मी मनोऱ्याच्या आधी शिडी सुचवीन. सहा इंची पाइप लांबीत अर्धा चिरून त्याच्या पन्हाळी करा, दोन्ही टोकं बंद करा, तळाला भोकं पाडा आणि जुन्या घडीच्या शिडीवर किंवा कोनाच्या स्टँडवर तीन पायऱ्यांत आडव्या बसवा. पन्हाळ जेमतेम आठ सेंटिमीटर खोल असते, त्यामुळे पाणी दोन वेळा लागतं, पण ते सगळ्यांना सारखं मिळतं आणि मधल्या नळीची भानगड नाही. जागा मनोऱ्यापेक्षा जास्त लागते. मनोऱ्याची मजा मात्र त्यात नाही, हेही मान्य.

तोडणी आणि त्यानंतर

स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग बदलते, गोड होत नाही. आंबा किंवा केळ्यासारखी ती घरात पिकत नाही. बाजारासाठी शेतकऱ्याला पाऊण लाल झालेलं फळ तोडावं लागतं, नाहीतर मुंबईला पोचेपर्यंत ते लिबलिबीत होईल. तुम्हाला ती घाई नाही. देठाजवळचा खांदाही लाल होऊन वर एक-दोन दिवस गेले की मग तोडा, पहाटेच्या गारव्यात, देठ कात्रीनं कापून. ओढलं तर अख्खा घोस हाताशी येतो. घरच्या स्ट्रॉबेरीचा सगळा मोठेपणा या दोन दिवसांत आहे. पैशाच्या हिशेबात बाजारचा डबा स्वस्तच पडतो. पहिल्या वर्षी एका रोपामागे दीडशे-दोनशे ग्रॅम मिळाले तरी हंगाम चांगला गेला म्हणायचा. म्हणजे पंधरा रोपांचे मिळून दोन-तीन किलो, तेही चार महिन्यांत विखुरलेले. जॅमचे बेत करू नका, तोडून तिथेच खा.

मार्चमध्ये फळ बारीक आणि आंबट होऊ लागलं की हंगाम संपला. एखादं रोप सावलीत ठेवून जूनमध्ये त्याचे रनर रुजवून बघायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर पुढचा मनोरा लावू नका. एप्रिलात रोपं उपटा, माध्यम गच्चीवर पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक टाकून महिनाभर कडक उन्हात तापवा, तेवढ्यात त्यातली बरीच बुरशी मरते. मधली नळी काढून सुईनं भोकं मोकळी करा. पावसाळ्यात त्याच खाचांत पुदिना किंवा पालक लावता येतो. सप्टेंबर उजाडला की माध्यमात दोन-तीन लिटर ताजं गांडूळखत मिसळा आणि पहिल्याच आठवड्यात नर्सरीवाल्याला रोपं सांगून ठेवा. दिवाळीनंतर गेलात तर शेतकऱ्यांनी निवडून उरलेली रोपं मिळतात आणि ती उरण्यामागे बहुधा कारण असतं.